पहिला नंबर कुणी ठरवायचा?

१९५२ च्या नोव्हेंबर महिन्यात लंडनच्या 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस' या साप्ताहिकातल्या पर्सी डिकिन्स नावाच्या गृहस्थांनी एक साधा उद्योग केला. त्यांनी विसेक रेकॉर्डविक्रेत्यांना फोन लावले आणि प्रत्येकाला विचारलं, 'या आठवड्यात तुमच्याकडे सर्वांत जास्त खपलेली गाणी कोणती?' आलेल्या उत्तरांची गोळाबेरीज केली आणि १४ नोव्हेंबरच्या अंकात एक क्रमवारी छापून टाकली. ब्रिटनमधली खपावर आधारलेली गाण्यांची ही पहिली यादी. तिच्यामागचा हेतू काही थोर नव्हता. यादीमुळे अंक हातोहात जाईल, रेकॉर्ड कंपन्या जाहिराती देतील, एवढाच सरळ व्यापारी हिशेब होता.

योगायोग असा, की त्यानंतर तीनच आठवड्यांनी, डिसेंबर १९५२ मध्ये, रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. तिच्याही मागे एक टूथपेस्ट विकायची होती. म्हणजे इकडे काय किंवा तिकडे काय, यादी जन्माला आली ती दुकानदारीच्या पोटी. तरीही त्या याद्यांनी पुढे जे केलं, ते दुकानदारीच्या पलीकडचं होतं. आज प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये दहा कोटींहून अधिक गाणी हाकेच्या अंतरावर असताना 'आता ही पहिल्या-दुसऱ्या नंबराची भानगड हवीच कशाला?' असं नवी पिढी विचारते. प्रश्न रास्त आहे. पण उत्तर देण्याआधी यादीनं नेमकं काय काम केलं, ते पाहायला हवं.

गीतमालेचंच घ्या. त्या वेळी केंद्रात माहिती आणि नभोवाणी खातं होतं बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे. केसकर मराठी, विद्वान आणि शास्त्रीय संगीताचे कट्टर पाठीराखे. चित्रपटगीतांमुळे लोकांची अभिरुची बिघडते, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. त्यांच्या धोरणापायी आणि चित्रपट निर्मात्यांशी झालेल्या वादापायी आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काय केलं? वाद घातला नाही, मोर्चा काढला नाही. रेडिओची सुई फिरवून सिलोनवर आणली. सुरुवातीला गीतमाला हा स्पर्धेचा कार्यक्रम होता. सात गाणी वाजवायची, श्रोत्यांनी ती कालक्रमानं लावायची, बक्षीस १०० रुपये. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली, असं अमीन सयानी मुलाखतींमधून सांगत असत. मग लवकरच तिची क्रमवारी झाली आणि 'पायदान' हा शब्द घराघरांत जाऊन बसला. अखेर सरकारलाही १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. मंत्र्यांच्या अभिरुचीपुढे जनतेची अभिरुची उभी करण्याचं काम दर बुधवारी रात्री आठ वाजता लागणाऱ्या एका यादीनं केलं, असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

ही यादी बनत कशी होती, हेही मजेशीर आहे. देशभरातल्या रेकॉर्डच्या दुकानांकडून खपाचे आकडे मागवले जात. पण तिथे एक गोम होती. एखादी रेकॉर्ड इतकी खपायची की दुकानातला साठाच संपायचा. मग त्या आठवड्यात तिचा खप शून्य! शिवाय हितसंबंधी मंडळी स्वतःच रेकॉर्डी उचलून आकडा फुगवण्याची भीती होतीच. म्हणून सयानींनी जोडीला गावोगावच्या श्रोता संघांची मतं घ्यायला सुरुवात केली. एका बाजूला विक्रीचा आकडा, दुसऱ्या बाजूला श्रोत्यांची पसंती. एकानं दुसऱ्याला तपासायचं.

बँकेत उभी हयात घालवलेल्या माणसाला ही पद्धत ओळखीची वाटते. आमच्या शाखेत दिवसाअखेर रोख मोजणारा एक आणि ती तपासून तिजोरीत ठेवणारे दोन असत. कारण अविश्वास नव्हे. एकट्याच्या मोजणीवर कुणाचाच भरवसा टिकत नाही, हा अनुभव. त्याच नोकरीनं आणखीही एक गोष्ट शिकवली. शिल्लक जुळली म्हणजे हिशेब खरा, असं नसतं. एका बाजूला चूक आणि दुसऱ्या बाजूला तेवढीच चूक झाली, तरी शिल्लक पैशाला पैसा जुळते. तेव्हा आकडा किती, या प्रश्नाच्या आधी तो कुणी आणि कसा काढला, हे विचारायचं असतं.

या प्रश्नाचं महत्त्व कळण्यासाठी अमेरिकेतलं १९९१ साल पाहण्याजोगं आहे. 'बिलबोर्ड' साप्ताहिक १९४० पासून खपाच्या याद्या छापत होतं आणि १९५८ पासून त्याची शंभर गाण्यांची 'हॉट हंड्रेड' ही यादी जगभर प्रमाण मानली जात होती. पण दुकानांतून आकडे यायचे ते बहुधा फोनवरूनच. काउंटरवरचा माणूस आठवून सांगेल तो खप. त्याच्या आवडीनिवडी, रेकॉर्ड कंपनीच्या प्रतिनिधीशी असलेली दोस्ती, सगळं त्या आकड्यात मिसळायचं. २५ मे १९९१ पासून 'बिलबोर्ड'नं अल्बमच्या यादीसाठी 'साउंडस्कॅन' ही यंत्रणा आणली. दुकानात बारकोड वाचला गेला की विक्रीची नोंद आपोआप होऊ लागली. महिन्याभरात 'एन. डब्ल्यू. ए.' हा लॉस एंजलिसजवळच्या कॉम्प्टन वस्तीतल्या कृष्णवर्णीय तरुणांचा रॅप गट पहिल्या क्रमांकावर आला. सप्टेंबरात गार्थ ब्रूक्स या ग्रामीण वळणाच्या कंट्री गायकाचा अल्बम आल्या आल्या थेट पहिल्या पायरीवर जाऊन बसला. अमेरिकेचे श्रोते काही रातोरात बदलले नव्हते. मोजणारा बदलला होता. गरीब वस्तीतला पोरगा आणि खेड्यातला शेतकरी हे दोघेही आधीपासून पैसे मोजून संगीत विकत घेत होते. फक्त ते कुणाच्या वहीत धड चढत नव्हते.

आता आपल्या घरात डोकावू. मराठी गाण्यांची अशी यादी कधी होती? गीतमाला हिंदी चित्रपटगीतांची. आकाशवाणीवरची 'आपली आवड' लोकप्रिय होती, पण ती फर्माइशीची. तिच्यात क्रम नव्हता. पुढे १९८० च्या दशकात कॅसेट आली आणि संगीताचा बाजार दुकानाच्या काचेबाहेर पडला. एस. टी. स्टँडवरच्या टपऱ्यांवर, जत्रेतल्या पालांत, रिक्षांमध्ये आणि ट्रकांमध्ये प्रल्हाद शिंदे, आनंद शिंदे, मिलिंद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज घुमू लागले. भीमगीतं, कोळीगीतं, विठ्ठलाची गाणी, लग्नाच्या वरातीत वाजणारी ठसकेबाज गाणी. खरी किती कॅसेटी खपल्या आणि नकली किती, याची मोजदाद ना कुठल्या वर्तमानपत्रानं केली ना कुठल्या संस्थेनं. त्याच वर्षांत भावगीतांवर पानंच्या पानं लिहून येत होती, आणि ती यायलाच हवी होती. पण निम्मा महाराष्ट्र ज्या गाण्यांवर नाचत आणि रडत होता, त्यांची दखल घ्यायला आपल्याला दोन दशकं लागली. ज्याची नोंद नाही त्याची दखल नाही, हा कचेरीतला नियम कलेच्या दुनियेतही तंतोतंत लागू पडतो.

इथे एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. खप म्हणजे गुणवत्ता नव्हे. मग यादीचं एवढं कौतुक कशाला? अगदी कबूल. मदनमोहन यांच्याइतका मोठा संगीतकार हयातीत वार्षिक गीतमालेच्या शिखरापासून दूरच राहिला. जुलै १९७५ मध्ये ते गेले आणि १९७७ च्या वार्षिक क्रमवारीत 'लैला मजनू'मधलं त्यांचं गाणं पहिलं आलं! रसिकांना जे आधीच ठाऊक होतं, ते यादीला कळायला असा उशीर झाला. तेव्हा यादीकडून गुणांचा निवाडा मागू नये. तिच्याकडून एकच मागावं: आपल्या भोवतीची माणसं काय ऐकत आहेत, याची खरी खबर.

मग इंटरनेटच्या काळात ही खबर अधिक खरी व्हायला हवी होती. पूर्वी रेकॉर्ड एकदा विकली गेली की मोजणी संपायची. ती घरी शंभरदा वाजली की कपाटात धूळ खात पडली, हे यादीला कळायला मार्ग नव्हता. आता प्रत्येक वेळचं ऐकणं नोंदलं जातं. याचे काही सुंदर परिणाम झाले. केट बुश या ब्रिटिश गायिकेचं १९८५ चं गाणं एका दूरचित्र-मालिकेत वापरलं गेलं आणि जून २०२२ मध्ये, ३७ वर्षांनी, ब्रिटनच्या यादीत पहिलं आलं. ब्रेंडा ली यांनी तेराव्या वर्षी गायलेलं १९५८ चं नाताळगीत डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचलं, तेव्हा बाई ७८ वर्षांच्या होत्या. गाण्याला वय नसतं, हे आपण म्हणत होतो. नव्या मोजणीनं ते आकड्यांत दाखवलं.

पण नव्या मोजणीनं नवे घोळही घातले. पहिला घोळ विनिमयाच्या दराचा. एक रेकॉर्ड विकत घेणं आणि एक गाणं फुकट ऐकणं, यांची किंमत सारखी कशी धरायची? ब्रिटनमध्ये जुलै २०१४ मध्ये ठरलं, की १०० वेळा ऐकणं म्हणजे एक विक्री. अमेरिकेत त्याच वर्षाच्या अखेरीस १,५०० वेळा ऐकणं म्हणजे एक अल्बम, असा भाव निघाला. २०१८ मध्ये त्यात फरक केला गेला: वर्गणी भरून ऐकणाऱ्यांची १,२५० ऐकणी आणि जाहिराती सोसत फुकट ऐकणाऱ्यांची ३,७५० ऐकणी सारखी मानली गेली. म्हणजे पैसेवाल्याच्या एका मताला फुकट्याच्या तीन मतांचं वजन! याला व्यापारी तर्क आहे, नाही असं नाही. पण जनतेचा कौल म्हणून ज्याकडे आपण पाहतो, त्यात मतदाराची ऐपत कधी शिरली, हे आपल्याला कुणी सांगितलं नाही.

दुसरा घोळ गर्दीचा. मार्च २०१७ मध्ये एड शीरनचा अल्बम आला आणि त्यातली सोळाच्या सोळा गाणी ब्रिटनच्या पहिल्या विसांत घुसली. बाकीच्या साऱ्या गायकांना मिळून जागा उरल्या चार. शेवटी त्याच वर्षी जुलैपासून एका मुख्य कलाकाराची तीनच गाणी यादीत घेण्याचा नियम करावा लागला. अमेरिकेत तसा नियम केला नाही. तिथे नोव्हेंबर २०२२ मध्ये टेलर स्विफ्टनं पहिल्या दहाच्या दहा जागा एकटीनं व्यापल्या. दोन्ही देशांतले आकडे प्रामाणिक. तरी चित्रं निराळी, कारण नियम निराळे.

तिसरा घोळ फुगवलेल्या आकड्यांचा. बँकेतल्या मंडळींना ३१ मार्चची गंमत ठाऊक असते. वर्षअखेरीला ठेवींचं उद्दिष्ट गाठायचं म्हणून कुणा बड्या खातेदाराला गळ घालून एका रात्रीपुरती मोठी रक्कम ठेवून घ्यायची आणि १ एप्रिलला ती सन्मानानं परत करायची. कागद खोटा नसतो. ठेव खरोखर आलेली असते. फक्त तिचा अर्थ खोटा असतो. २०१९ मध्ये एका हिंदी रॅप गाण्याला चोवीस तासांत साडेसात कोटी प्रेक्षक मिळाल्याचा दावा झाला. त्यात जाहिरातीचे पैसे मोजून मिळवलेले प्रेक्षक मोठ्या संख्येनं होते. त्यानंतर सप्टेंबर २०१९ मध्ये यूट्यूबनं जाहिरातीतून आलेले प्रेक्षक अशा विक्रमांसाठी मोजणं बंद केलं. अमेरिकेत तर २०२४ मध्ये एका इसमावर असा खटला भरला गेला, की त्यानं कृत्रिम बुद्धिमत्तेकडून हजारोंनी गाणी तयार करवून घेतली, ती यंत्रांकडूनच अब्जावधी वेळा ऐकवली आणि एक कोटी डॉलरहून अधिक मानधन लाटलं. गाणारं यंत्र, ऐकणारंही यंत्र. माणूस फक्त पैसे घ्यायला!

आणि लाच? रेडिओवर गाणं वाजवण्यासाठी निवेदकाला पाकीट देण्याच्या प्रथेला अमेरिकेत 'पेओला' म्हणत. १९५९-६० मध्ये त्याची चौकशी झाली आणि १९६० मध्ये गुपचूप पैसे घेऊन गाणं वाजवणं हा गुन्हा ठरला. २०२० मध्ये स्पॉटिफायनं एक योजना जाहीर केली: कलाकारानं काही गाण्यांवर कमी मानधन पत्करलं, तर ती श्रोत्यांसमोर अधिक वेळा आणली जातील. कंपनी म्हणते ही सोय आहे. टीकाकार म्हणतात हा पेओलाचाच नवा अवतार आहे. निवाडा वाचकांनीच करावा. एवढं मात्र खरं, की पाकिटाची जागा अटी-शर्तींच्या कागदानं घेतली, की तक्रार नोंदवायला ठाणं सापडत नाही.

तरीही मला सर्वांत मोठा बदल वाटतो तो वेगळाच. गीतमालेची यादी सगळ्यांना एकच होती. सासऱ्यांना न आवडणारं गाणं सुनेला ऐकायला मिळायचं आणि सुनेला कंटाळवाणं वाटणारं सासऱ्यांना; मधे उठून जाता येत नसे, कारण घरात रेडिओ एकच. आज फोन प्रत्येकाला त्याची स्वतंत्र यादी करून देतो. काल जे आवडलं त्याच्यासारखंच आज देतो. घरात माणसं चार आणि 'टॉप टेन'सुद्धा चार. कुणाचं काही बिघडत नाही, भांडण होत नाही. पण शेजारच्या खोलीतलं माणूस कशानं हळवं होतं, हे कळण्याची एक वाटही त्या शांततेत बंद होते. घराचं जे, तेच राज्याचं आणि देशाचं.

कुणी म्हणेल, लोकांना आता यादीचं सोयरसुतक उरलेलं नाही. तसं दिसत नाही. २००९ च्या नाताळात ब्रिटनमध्ये एका टीव्ही स्पर्धेच्या विजेत्याचं गाणं पहिलं येणार, हे वर्षानुवर्षांच्या प्रथेनं जणू ठरूनच गेलं होतं. एका जोडप्यानं फेसबुकवरून हाक दिली आणि लोकांनी 'रेज अगेन्स्ट द मशीन' या अमेरिकन गटाचं १९९२ चं दणदणीत गाणं पाच लाखांहून अधिक वेळा विकत घेऊन पहिल्या क्रमांकावर नेलं. ज्या यादीला कुणी विचारत नाही, तिच्यासाठी पाच लाख माणसं खिशात हात घालत नाहीत.

आणि आता तर यादीचा संबंध केवळ मानाशी राहिलेला नाही, भाकरीशी आला आहे. स्ट्रीमिंगच्या व्यवहारात बहुतेक ठिकाणी जमा झालेल्या पैशातून हक्कदारांचा वाटा एका जागी काढला जातो आणि ऐकण्याच्या प्रमाणात वाटला जातो. म्हणजे मोजणी हीच मजुरी. २०२४ पासून स्पॉटिफायनं नियम केला, की मागच्या बारा महिन्यांत १,००० वेळा तरी ऐकलं न गेलेलं गाणं रेकॉर्डिंगच्या मानधनाच्या वाटपातच येणार नाही. मुंबईतल्या मोठ्या कंपनीला हा आकडा किरकोळ वाटेल. पण झाडीबोलीत किंवा अहिराणीत गाणाऱ्या एखाद्या होतकरू पोरासाठी त्या हजाराच्या रेषेवर 'आपलं गाणं गणतीत आहे की नाही' हे ठरतं.

अर्थात दार उघडंही झालं आहे. २०२४ मध्ये जळगावकडच्या संजू राठोड या तरुणाचं 'गुलाबी साडी' हे गाणं इन्स्टाग्रामच्या छोट्या चित्रफितींवर स्वार होऊन मराठी न कळणाऱ्यांपर्यंत पोहोचलं. मागे ना मोठा चित्रपट, ना आकाशवाणीची मान्यता. पूर्वीच्या व्यवस्थेत हे घडतं ना. पण अशा गाण्यांचं मोजमाप प्रत्येक कंपनी आपापल्या पायलीनं करते. एकीचं पाहणं दुसरीच्या ऐकण्याशी जुळत नाही, आणि तिसरी आकडा सांगतच नाही. २०२१ मध्ये भारतीय संगीत उद्योगाच्या संघटनेनं साप्ताहिक अधिकृत यादी सुरू केली, तीही परदेशी गाण्यांची. इंग्रजी गाणी भारतात किती ऐकली जातात याची पावती मिळाली. मराठी गाणी महाराष्ट्रात किती ऐकली जातात याची मात्र नाही.

म्हणून माझं म्हणणं असं: मराठी गाण्यांची एक खरी, साप्ताहिक, सार्वजनिक यादी हवी. ती सरकारनं करू नये. अभिरुचीचा मक्ता सरकारकडे गेला की काय होतं, ते १९५२ मध्ये पाहिलं आहे. एकट्या कंपनीनंही करू नये. एखादं विद्यापीठ, एखादी संगीत संस्था आणि वृत्तपत्रं यांनी मिळून ती करावी. मोजण्याचे नियम यादीच्या शेजारीच छापावेत. वर्षातून एकदा त्रयस्थ हिशेबतपासनिसाकडून ते आकडे तपासून घ्यावेत. आणि शक्य झाल्यास जिल्हावार आकडे द्यावेत, म्हणजे नांदेडमध्ये काय वाजतं ते ठाण्याला आणि सिंधुदुर्गात काय वाजतं ते अकोल्याला कळेल. कंपन्यांकडे हे सारे आकडे आज पडून आहेत. ते मागायला आपण एकत्र गेलेलो नाही, एवढंच.

अशी यादी झाली तर तिच्यात पहिल्याच आठवड्यात अनेकांना न रुचणारं काही निघेल. नाकं मुरडली जातील, या पुरवणीला पत्रंही येतील. येऊ द्यावीत. त्या निमित्तानं आपण कोण आहोत याची थोडी खरी माहिती हाती लागेल, आणि ज्यांची गाणी आजवर कुणाच्या वहीत चढली नाहीत, त्यांना वहीत एक ओळ मिळेल. बाकी, यादीत नसलेलं गाणं गुणगुणायला कुणाची परवानगी लागत नाही, हे आहेच.